बेस गिटारचा ॲम्प्लिफायर निवडताना : वॅटच्या आकड्याआधी स्पीकर पाहा

वाद्यवृंदाच्या कार्यक्रमात गायकाकडे आणि मुख्य गिटारवादकाकडे साऱ्यांचे लक्ष असते. बेस गिटारवादक बहुधा मागे, ड्रमच्या शेजारी उभा असतो. त्याचे वाद्य वेगळे ऐकू येत नाही, मात्र ते क्षणभर थांबले तर गाणे पोकळ झाल्याचे कोणाच्याही लक्षात येते. गाण्याचा ठेका आणि स्वर यांना जोडणारा हा खर्जाचा आवाज श्रोत्यांपर्यंत पोहोचवणे तांत्रिकदृष्ट्या अवघड काम आहे. त्यासाठी लागणारा ॲम्प्लिफायर आणि स्पीकर कॅबिनेट, म्हणजे स्पीकर बसवलेले लाकडी खोके, यांची निवड अनेकदा चुकते.

चूक होण्याची पद्धतही ठरलेली आहे. तालमीत बेस ऐकू येत नाही, म्हणून वादक आवाजाची कळ वाढवतो. आवाज फाटू लागतो. मग शंभर वॅटचा ॲम्प्लिफायर विकून दोनशे वॅटचा आणला जातो. पैसे खर्च होतात, पण आवाजात फारसा फरक पडत नाही. कधी नव्या यंत्राच्या जोराने जुन्या स्पीकरचा पडदा फाटतो, तर कधी चुकीच्या जोडणीमुळे ॲम्प्लिफायरच जळतो. या साऱ्यामागचे कारण एकच असते. खरेदी करताना वॅटचा आकडा पाहिला जातो, मात्र तो वॅट ज्याच्यामार्फत आवाजात रूपांतरित होतो, त्या स्पीकरकडे दुर्लक्ष होते.

खर्जाचे गणित

चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली, तर तिची मूळ कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ४१, म्हणजे ४१ हर्ट्झ असते. पाच तारांच्या बेसवरील सर्वांत खालचा स्वर सुमारे ३१ हर्ट्झचा असतो. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर आहे. त्यानुसार ४१ हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी आठ मीटरहून अधिक भरते. एवढी मोठी लाट निर्माण करायची, तर स्पीकरला पुष्कळ हवा ढकलावी लागते.

स्पीकरचा शंकूच्या आकाराचा पडदा पुढे-मागे हलतो आणि हवेत दाबाच्या लाटा निर्माण होतात. एखादा स्वर एक सप्तक खाली नेला आणि आवाजाची पातळी तेवढीच ठेवायची असेल, तर त्याच पडद्याला चौपट अंतर हलावे लागते. पडदा किती हलू शकतो याला मर्यादा असते. ती ओलांडली की फडफड ऐकू येते आणि पुढे पडदा किंवा त्याच्या मागची तांब्याची गुंडाळी निकामी होते. त्यामुळे गिटारसाठी बनवलेल्या लहान ॲम्प्लिफायरमध्ये बेस जोडून तो मोठ्याने वाजवणे धोक्याचे ठरते. हळू आवाजात सराव करण्यास हरकत नसते.

माणसाच्या कानाचाही येथे संबंध येतो. खालच्या कंपनसंख्यांना कान कमी संवेदनशील असतो. अमेरिकेतील फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आलेखांतून हे प्रथम पद्धतशीरपणे पुढे आले. खर्जाचा स्वर मधल्या सप्तकातील स्वराइतका मोठा वाटावा, यासाठी प्रत्यक्षात कितीतरी अधिक ध्वनिदाब निर्माण करावा लागतो. गिटारवादकाला तीस-पन्नास वॅट पुरतात आणि त्याच मंचावरील बेसवादकाला तीनशे वॅटही कमी पडतात, ते यामुळेच.

वॅट दुप्पट, आवाज दुप्पट नव्हे

वॅट हे विद्युतशक्तीचे माप आहे, आवाजाचे नव्हे. आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजतात आणि डेसिबलची पट्टी साध्या बेरजेने चालत नाही. शक्ती दुप्पट केली, तर पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते. एवढी वाढ कानाला जाणवते, पण बेताची. आवाज ‘दुप्पट’ झाल्यासारखा वाटण्यासाठी साधारण १० डेसिबलची वाढ लागते आणि त्यासाठी शक्ती दहापट करावी लागते. म्हणजे शंभर वॅटच्या दुप्पट मोठा वाटणारा आवाज हवा असेल, तर त्याच स्पीकरवर हजार वॅट लागतील. अर्थात, तो स्पीकर हजार वॅट सोसणार असेल तर.

येथे स्पीकरची संवेदनक्षमता पुढे येते. एक वॅट शक्ती दिल्यावर एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो, ते या मापातून कळते. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात हा आकडा दिलेला असतो, मात्र तो क्वचितच पाहिला जातो. एका कॅबिनेटची संवेदनक्षमता ९४ डेसिबल आणि दुसऱ्याची १०० डेसिबल असेल, तर फरक ६ डेसिबलचा आहे. म्हणजेच पहिल्या कॅबिनेटला ४०० वॅट दिल्यावर जो आवाज मिळेल, तो दुसऱ्याला १०० वॅट देऊनच मिळेल. महागडा ॲम्प्लिफायर घेण्याऐवजी योग्य कॅबिनेट घेतल्यास काम स्वस्तात होते ते असे.

वॅटचा आकडा वाचतानाही सावध राहावे लागते. सलग पेलता येणारी शक्ती आणि क्षणभराची कमाल शक्ती हे दोन वेगळे आकडे आहेत. जाहिरातीत बहुधा दुसरा, मोठा आकडा ठळक अक्षरांत असतो. तुलना करायची ती सलग शक्तीच्या, म्हणजे ‘आरएमएस’ म्हणून दिलेल्या आकड्यांची.

आवाज कमी पडला की खर्जाची कळ पूर्ण उजवीकडे फिरवणे ही आणखी एक सर्रास होणारी चूक आहे. खर्ज १० डेसिबलने वाढवणे म्हणजे त्या पट्ट्यात ॲम्प्लिफायरकडे दहापट शक्ती मागणे होय. एकट्याने सराव करताना हा घुमारा सुखद वाटतो. मंचावर मात्र त्याच पट्ट्यात ड्रमचा किक आणि तबला असल्यास डग्गा घुमत असतो. त्या गर्दीत बेस हरवतो. साधारण २०० ते ८०० हर्ट्झचा मधला पट्टा थोडा वाढवला, तर तोच बेस कमी शक्तीतही स्पष्ट ऐकू येतो.

सत्तर वर्षांचा प्रवास

ही अडचण बेस गिटारच्या जन्मापासूनची आहे. कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांच्या कंपनीने १९५१ मध्ये ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणली. त्यापूर्वी खर्जाची बाजू माणसाहून उंच अशा डबल बेसवर सांभाळली जात असे. नव्या वाद्याला पोकळ शरीर नव्हते, त्यामुळे ते ॲम्प्लिफायरशिवाय ऐकूच येत नसे. फेंडरने १९५२ मध्ये ‘बेसमन’ नावाचा ॲम्प्लिफायर आणला. आरंभी त्यात १५ इंचांचा एकच स्पीकर होता. काही वर्षांतच त्याची जागा १० इंचांच्या चार स्पीकरनी घेतली. त्या खोक्याची पाठ उघडी असल्याने खर्जाला तो फारसा अनुकूल नव्हता, मात्र गिटारवादकांनी तो उचलून धरला. लंडनमधील जिम मार्शल यांच्या दुकानात १९६० च्या दशकाच्या आरंभी तयार झालेला त्यांचा पहिला ॲम्प्लिफायर याच बेसमनच्या मंडलावर बेतलेला होता.

अमेरिकेतील अँपेग या कंपनीने बेसकडे अधिक लक्ष दिले. कंपनीच्या नावातच तिचा इतिहास आहे. डबल बेस ज्या खुंटावर जमिनीवर टेकतो, त्या खुंटात मायक्रोफोन बसवण्याच्या कल्पनेतून ‘ॲम्प्लिफाइड पेग’ आणि त्यावरून ‘अँपेग’ हे नाव आले. या कंपनीचा १९६० मधील ‘बी-१५’ ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओंत लोकप्रिय झाला. पुढे रॉक संगीताचे कार्यक्रम मोठ्या क्रीडागारांत होऊ लागले, तेव्हा १९६९ मध्ये कंपनीने ‘एसव्हीटी’ हा ३०० वॅटचा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर तयार केला. रोलिंग स्टोन्सच्या त्या वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात त्याचे आरंभीचे नमुने वापरले गेले. १४ व्हॉल्व्ह असलेले हे यंत्र सुमारे ४० किलो वजनाचे होते आणि त्याच्यासोबत प्रत्येकी १० इंचांचे आठ स्पीकर असलेली दोन कॅबिनेट असत.

आठ स्पीकरचे हे कॅबिनेट आजही मोठ्या मंचांवर दिसते. त्याच्या सध्याच्या प्रचलित आवृत्तीचे आकडे बोलके आहेत. त्याची संवेदनक्षमता १०० डेसिबल आहे आणि ते ८०० वॅट पेलते. मात्र त्याचा आवाज ५८ हर्ट्झलाच ३ डेसिबलने खाली आलेला असतो. म्हणजे बेसच्या जाड तारेची ४१ हर्ट्झची मूळ कंपने हे कॅबिनेट पूर्ण जोराने देतच नाही! तरीही श्रोत्यांना आवाज भरदार वाटतो. तारेतून मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट आणि चौपट कंपनसंख्येचे उपस्वरही निघतात. हे उपस्वर स्पष्ट ऐकू आले, तर मूळ स्वराची उणीव मेंदू भरून काढतो. ‘सर्वांत खोल खर्ज देणारे कॅबिनेट सर्वांत चांगले’ हा समज म्हणूनच खरा नाही.

दहा, बारा की पंधरा इंच

दुकानात सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न स्पीकरच्या मापाचा असतो. १० इंची स्पीकर चपळ, १५ इंची खोल आणि १२ इंची दोहोंच्या मधला, असे ढोबळपणे सांगितले जाते. त्यात काही तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. हवा ढकलण्याचे काम पडद्याच्या एकूण क्षेत्रफळावर आणि तो किती हलू शकतो यावर अवलंबून असते. केवळ नाममात्र मापांचा हिशेब केला, तरी १० इंचांच्या चार स्पीकरचे क्षेत्रफळ १५ इंचांच्या एका स्पीकरच्या पावणेदोन पटींहून अधिक भरते. १० इंचांचे दोन स्पीकर मात्र त्याच्यापेक्षा किंचित कमी पडतात.

खोक्याची रचनाही तितकीच महत्त्वाची असते. पडदा पुढे सरकताना मागच्या बाजूची हवा विरळ होते. ही मागची लाट पुढच्या लाटेत मिसळली, तर खर्ज नाहीसा होतो. म्हणून बेसचे खोके पूर्ण बंद असते किंवा त्याला मोजून-मापून एक छिद्र ठेवलेले असते. बंद खोक्याचा खर्ज हळूहळू उतरत जातो आणि आवाज आटोपशीर राहतो. छिद्र असलेल्या खोक्यात मागची लाट ठरावीक कंपनसंख्येला पुढच्या लाटेच्या मदतीला येते. त्यामुळे त्या पट्ट्यात अधिक आवाज मिळतो, पण त्याखाली आवाज झपाट्याने उतरतो आणि पडदा आवरेनासा होतो. पाच तारांच्या बेसवर सर्वांत खालचा स्वर जोराने वाजवताना अशा कॅबिनेटची विशेष काळजी घ्यावी लागते.

खोक्याचा आकार, छिद्राची लांबी आणि स्पीकरचे गुणधर्म यांचा मेळ कसा घालावा, याचे गणित ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडले. रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी त्याचा विस्तार केला. आज दोघांच्या नावाने ओळखले जाणारे हे आकडे जगभरचे कॅबिनेट बनवणारे वापरतात. त्याआधीच अमेरिकी अभियंते हॉफमन यांच्या नावाने एक नियम रूढ झाला होता. लहान खोके, खोल खर्ज आणि कमी शक्तीत मोठा आवाज, या तीन गोष्टींपैकी एका वेळी दोनच मिळू शकतात. लहानसे, हलके, खोल खर्जाचे आणि शिवाय जोरदार असे कॅबिनेट कोणी देऊ करत असेल, तर या नियमाचे स्मरण ठेवावे.

स्थानिक सुताराकडून प्लायवूडचे खोके करून घेऊन त्यात मिळेल तो स्पीकर बसवण्याची पद्धत आपल्याकडे आहे. खोके मजबूत असले, तरी वरील मेळ जमला नाही, तर एखादाच स्वर भलताच घुमतो आणि बाकीचे दबून जातात. असे खोके करून घ्यायचे असल्यास स्पीकरच्या उत्पादकाने सुचवलेल्या मापांनुसारच करून घ्यावे.

दोन कॅबिनेट घ्यायची असतील, तर शक्यतो ती एकसारखी असावीत. १० इंचांच्या चार स्पीकरचे एक आणि १५ इंचांच्या एका स्पीकरचे दुसरे, अशी जोडी अनेक वर्षे लोकप्रिय होती. मात्र दोन्ही ८ ओहमची असतील, तर ॲम्प्लिफायरची शक्ती निम्मी-निम्मी वाटली जाते. जे चार स्पीकर मिळून पेलतात, तेच १५ इंची स्पीकरला एकट्याने पेलावे लागते. आवाज वाढवताना तो आधी हार मानतो आणि जोडीची क्षमता त्याच्यापाशी अडते. एकसारखी कॅबिनेट शेजारी-शेजारी न ठेवता एकावर एक उभी रचली, तर मंचाच्या दोन्ही बाजूंना आवाज अधिक सारखा पसरतो आणि वरचा स्पीकर वादकाच्या कानाजवळ येतो. आवाज पायांवर आदळत राहिल्यामुळे कळ वाढवण्याचा मोह होतो, तो यामुळे टळतो.

ओहमचा हिशेब

ॲम्प्लिफायर जळण्याच्या घटनांमागे सहसा ओहमचे अज्ञान असते. विजेच्या प्रवाहाला स्पीकर करत असलेला विरोध ओहममध्ये मोजतात. बेसची कॅबिनेट बहुतेक ८ किंवा ४ ओहमची असतात. दोन कॅबिनेट नेहमीप्रमाणे समांतर जोडली की एकूण विरोध कमी होतो. ८ ओहमची दोन मिळून ४ ओहम होतात. ४ ओहमची दोन मिळून २ ओहम होतात. ८ आणि ४ ओहमची जोडली, तर सुमारे २.७ ओहम भरतात.

ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरवर तो किमान किती ओहमपर्यंत चालेल, ते मागच्या बाजूला लिहिलेले असते. बहुतेकांची मर्यादा ४ ओहम असते. अशा यंत्राला ४ ओहमची दोन कॅबिनेट जोडली, तर त्यातून मर्यादेबाहेर प्रवाह वाहू लागतो. यंत्र तापते, चांगले असेल तर स्वतःहून बंद पडते, नसेल तर जळते. त्यामुळे पुढे दुसरे कॅबिनेट घेण्याचा विचार असेल, तर पहिले ८ ओहमचे घेणे शहाणपणाचे ठरते.

समजा, एक ॲम्प्लिफायर ८ ओहमला ३०० आणि ४ ओहमला ५०० वॅट देतो. त्याला ८ ओहमचे एक कॅबिनेट जोडलेले आहे. आवाज कमी पडल्यास तसेच दुसरे कॅबिनेट जोडले की शक्ती ३०० वरून ५०० वॅट होते, म्हणजे सुमारे २ डेसिबल वाढतात. शिवाय पडद्याचे क्षेत्रफळ दुप्पट झाल्याने खर्जाच्या पट्ट्यात आणखी सुमारे ३ डेसिबल मिळतात. एकूण वाढ ५ डेसिबलच्या आसपास जाते. त्याऐवजी कॅबिनेट एकच ठेवून दुप्पट शक्तीचा ॲम्प्लिफायर आणला असता, तर जेमतेम ३ डेसिबल वाढले असते आणि स्पीकरवरचा ताणही दुप्पट झाला असता.

व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरचा नियम वेगळा आहे. तो स्पीकर न जोडता चालू करून वाजवणे सर्वांत घातक असते. त्याने आतील आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. कॅबिनेट जितक्या ओहमचे, त्याच खाचेला ते जोडावे लागते किंवा निवडीची कळ त्या आकड्यावर ठेवावी लागते.

जोडणीची तारही तितकीच महत्त्वाची आहे. गिटारपासून ॲम्प्लिफायरपर्यंत जाणारी केबल आणि ॲम्प्लिफायरपासून कॅबिनेटपर्यंत जाणारी केबल वरून सारख्या दिसल्या, तरी आतून वेगळ्या असतात. गिटारची केबल बारीक असते. ती स्पीकरला लावली, तर तापते आणि यंत्राला इजा होऊ शकते. अलीकडच्या बहुतेक कॅबिनेटवर फिरवून घट्ट बसणारी ‘स्पीकॉन’ जोडणी असते. ती वाजवताना निसटत नाही आणि चुकीची केबल लागण्याचा संभवही राहत नाही.

ॲम्प्लिफायर व कॅबिनेट यांचे वॅटचे आकडे साधारण सारखे असावेत. ॲम्प्लिफायर किंचित मोठा असला तरी चालतो, मात्र फडफड ऐकू येताच आवाज किंवा खर्ज कमी करण्याची शिस्त वादकाकडे हवी. लहान ॲम्प्लिफायर सतत फाटेपर्यंत वाजवणेही निर्धोक नसते. फाटलेल्या आवाजात सरासरी शक्ती वाढलेली असते आणि स्पीकरची गुंडाळी तापते.

वजन कमी झाले

व्हॉल्व्हच्या यंत्रांचा आवाज आजही अनेकांना प्रिय आहे. त्यांची किंमत, वजन आणि देखभाल मात्र सर्वांना परवडणारी नसते. ट्रान्झिस्टरच्या यंत्रांनी हा भार हलका केला. त्यानंतर ‘क्लास डी’ पद्धतीची यंत्रे आली. त्यांत ट्रान्झिस्टर अतिशय वेगाने चालू-बंद होतात आणि फार थोडी शक्ती उष्णतेत वाया जाते. त्यामुळे ५०० वॅटचा ॲम्प्लिफायर दोन-तीन किलोंत मावतो आणि गिटारच्या पिशवीच्या कप्प्यात नेता येतो. स्पीकरमध्ये जड लोहचुंबकाऐवजी निओडिमियमचे चुंबक वापरल्याने कॅबिनेटचे वजनही घटले आहे. आठ स्पीकरचे पारंपरिक कॅबिनेट साठ किलोंच्या वर जाते. निओडिमियमचे लहान कॅबिनेट मात्र एका हातात उचलता येते. रिक्षाने किंवा लोकलने तालमीला जाणाऱ्या वादकाच्या दृष्टीने हा लहान फरक नाही.

परदेशातून यंत्र आणताना विजेचा दाब तपासणे आवश्यक आहे. भारतात तो २३० व्होल्ट आणि अमेरिकेत १२० व्होल्ट असतो. काही नव्या यंत्रांना दोन्ही चालतात, काहींच्या मागे कळ असते आणि काहींना वेगळा ट्रान्सफॉर्मर लागतो. न पाहता जोडलेले यंत्र पहिल्याच क्षणी निकामी होऊ शकते.

कुठे वाजवायचे आहे?

निवडीचा आरंभ या प्रश्नाने व्हावा. घरी सरावासाठी २० ते ४० वॅटचा, ८ किंवा १० इंची स्पीकर असलेला जोड ॲम्प्लिफायर, म्हणजे एकाच खोक्यात यंत्र आणि स्पीकर असलेला ‘कॉम्बो’, पुरेसा असतो. हेडफोनची सोय असल्यास उत्तम. ड्रमसह तालीम करायची असेल, तर २०० ते ३०० वॅट आणि १० इंचांचे दोन किंवा १२ अथवा १५ इंचांचा एक स्पीकर हवा. लहान सभागृहात स्वतःच्या बळावर बेस ऐकवायचा असेल, तर ४०० ते ५०० वॅट आणि १० इंचांचे चार स्पीकर किंवा लहान दोन कॅबिनेट साधारणपणे पुरतात.

मोठ्या सभागृहात आणि मैदानात हिशेब बदलतो. तेथे बेसचा संकेत ॲम्प्लिफायरच्या ‘डीआय’ जोडणीतून थेट ध्वनिव्यवस्थेकडे जातो आणि श्रोत्यांपर्यंत तो मुख्य स्पीकरमधून पोहोचतो. वादकाच्या मागचे कॅबिनेट तेव्हा केवळ त्याला स्वतःला ऐकू यावे यासाठी असते. ते प्रचंड असण्याची गरज उरत नाही. उलट, मंचावर घुमणारा खर्ज ध्वनिसंयोजकाचे काम बिघडवतो. आता अनेक वादक कॅबिनेट न नेता, त्याच्या आवाजाची नक्कल करणारे छोटे उपकरण आणि कानातील मॉनिटर वापरतात.

कान आणि शेजारी

मोठा आवाज पेलण्याची मर्यादा स्पीकरप्रमाणे कानालाही आहे. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तासांपेक्षा अधिक काळ राहू नये. दर ३ डेसिबल वाढीला हा काळ निम्मा होतो. या हिशेबाने १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे मिळतात. लहान खोलीत ड्रमजवळ ही पातळी सहज ओलांडली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीत कार्यक्रमांच्या ठिकाणांसाठी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली. श्रवणशक्तीची अशी हानी भरून येत नाही. ॲम्प्लिफायरच्या खर्चात संगीतकारांसाठीच्या चांगल्या कर्णरक्षकांचा खर्च धरायलाच हवा.

भारतात ‘ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २०००’ लागू आहेत. त्यांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत, आवाज बाहेर न जाणाऱ्या बंद सभागृहांसारखे अपवाद वगळता, ध्वनिक्षेपकांना मनाई आहे. वर्षातील मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारांना आहे. बेसवादकाने आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. आवाज मोजण्याची नेहमीची पद्धत कानाच्या संवेदनशीलतेनुसार खर्ज कमी मोजते. ४० हर्ट्झला ही घट सुमारे ३५ डेसिबलची असते. त्यामुळे मापकावर आकडा लहान दिसला, तरी लांब तरंगलांबीचा खर्ज भिंती ओलांडून शेजारच्या घरातील तावदाने हलवू शकतो. सदनिकेत सराव करणाऱ्यांनी कॅबिनेट जमिनीपासून उचलून जाड रबर किंवा फोमवर ठेवल्यास आणि खोलीच्या कोपऱ्यापासून दूर नेल्यास त्रास काहीसा कमी होतो.

दुकानातील तपासणी

अखेरचा निर्णय कानानेच घ्यावा लागतो. दुकानात स्वतःची बेस घेऊन जाणे श्रेयस्कर ठरते. ॲम्प्लिफायरच्या साऱ्या स्वरकळा मध्यावर ठेवून सर्वांत खालच्या स्वरापासून वरपर्यंत एकेक पडदा वाजवावा. एखादाच स्वर अधिक घुमतो का, एखादा नाहीसा होतो का, हे ऐकावे. मग दुसऱ्या कोणाला वाजवायला सांगून पाच-सहा मीटर दूर जाऊन तोच आवाज ऐकावा, कारण श्रोते तेथे असतात. कॅबिनेट उचलून पाहावे. मागच्या पट्टीवरील ओहम आणि सलग वॅटचे आकडे लिहून घ्यावेत.

वापरलेले कॅबिनेट घेताना स्पीकरचा पडदा बोटांनी सर्व बाजूंनी सारखा आणि अलगद दाबून पाहावा. घासल्याचा आवाज आल्यास गुंडाळी बिघडलेली असते. जळका वास हेही वाईट लक्षण होय. साध्या मल्टिमीटरने तपासल्यास ८ ओहमचे कॅबिनेट साडेपाच ते सात ओहमच्या आसपास आकडा दाखवते. तो यापेक्षा फारच वेगळा असेल, तर आतील एखादा स्पीकर निकामी झाला असण्याची किंवा जोडणी बदललेली असण्याची शक्यता असते.

ठरावीक रक्कम हाती असेल, तर तिचा मोठा वाटा कॅबिनेटवर खर्च करणे बहुधा हिताचे ठरते. आज लहान ॲम्प्लिफायरसोबत वापरलेले चांगले कॅबिनेट उद्या मोठ्या ॲम्प्लिफायरलाही उपयोगी पडते. कमकुवत कॅबिनेट मात्र वॅट वाढवून सुधारत नाही. आधी जागा, मग कॅबिनेट, त्यानंतर ओहमचा हिशेब आणि शेवटी वॅट, या क्रमाने विचार केल्यास पैसा, यंत्र आणि कान तिन्ही वाचतात.